अंबाडा, हॅट आणि कालव्यातली बोट

पत्र: ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या म्हार्दोळची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलगी बर्मिंगहॅमला असते. जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत आणि तिने तिथल्या कालव्यातून फिरायला एक लांबट बोट आठवडाभरासाठी भाड्याने घेतली आहे. बोट आपणच चालवायची असते म्हणे. ‘आईबाबा, हॅट घेऊन या’ असं तिने बजावलं आहे. सवय व्हावी म्हणून गेल्या महिन्यात आम्ही इथल्या नातवाला घेऊन कुंभारजुव्याच्या कालव्यात बोटीने फिरून आलो. बाणस्तारीचा पूल मागे पडल्यावर माझी नवीकोरी गवती हॅट उडाली. सात वर्षांचा नातू ती पकडायला बोटीबाहेर वाकला. ह्यांनी त्याला मागे खेचलं म्हणून निभावलं. तेव्हापासून हॅट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. शिवाय माझा अंबाडा. हॅट त्यावर बसतच नाही, नुसती ठेवल्यासारखी राहते. ह्यांना टक्कल आहे, पण क्रिकेटच्या टोपीशिवाय दुसरं काही डोक्यावर घेत नाहीत. घरात सगळे म्हणतात, तुला हॅट शोभत नाही, ओढणी घे. काय करू?

उत्तर:

बाई, तुम्ही शाळेत शिकवलंत, म्हणून तुम्हाला ‘बाई’च म्हणते. हॅटचं नंतर. आधी नातवाचं बोलू.

माझं लहानपण कुंभारजुव्यात गेलं. वडिलांची छोटी होडी होती आणि तिच्यात बसताना आम्हा भावंडांना एकच नियम होता: पाण्यात पडलं ते पाण्याचं. चप्पल असो, जेवणाचा डबा असो, मागे वाकायचं नाही. वडील वल्हं थांबवायचे, होडी स्थिर करायचे आणि मग वस्तू घ्यायची की सोडायची ते स्वतः ठरवायचे. या कालव्याच्या चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाचं माणगें, म्हणजे मगर, करून पुजतात, ते काही उगाच नाही. पण मगर दूरची गोष्ट. खरा धोका असा की एक जण कडेला वाकला की लहान बोट त्या बाजूला कलते, आणि त्याला धरायला दुसरे धावले की ती आणखी कलते.

नातवाला रागावला नसाल अशी आशा आहे. त्याला आजीची हॅट वाचवायची होती. पुढच्या वेळी बोटीत पाय ठेवण्याआधी त्याला जवळ घेऊन सांगा, ‘हॅट गेली तर जाऊ दे, तू जागेवर बसून फक्त बोटाने दाखव, कुठे पडली ते.’ मुलाला नुसतं ‘हलू नकोस’ म्हटलं तर ते त्या क्षणी विसरतं. बोटाने दाखवायचं काम दिलं की ते काम करतं. होडीवाला सावकाश वळसा घेईल आणि वल्ह्याने हॅट ओढून घेईल. नाही मिळाली तर नाही.

इंग्लंडातही हाच नियम पाळा, कारण वेगळं. तिथल्या त्या लांबट बोटीचा पंखा मागच्या टोकाला पाण्याखाली असतो आणि सुकाणू धरणारा माणूस जवळपास त्याच्याच वर उभा राहतो. मागे पडलेली हॅट, तिची नाडी, रुमाल, काहीही पंख्यात गुंडाळू शकतं. ते काढायला बोटीत वरून एक झाकण असतं, पण इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात घातल्याशिवाय त्या झाकणाला कोणी हात लावू नये. बोट देताना तिथली माणसं हे शिकवतातच. तुम्ही मात्र लेकीला आधीच विचारून ठेवा.

आता तुमची हॅट का उडाली ते. दुपारकडे पश्चिमेचा वारा धरतो. बाणस्तारीपासून खाली जुवारी नदीच्या बाजूला जाताना पात्र मोकळं होत जातं, खारफुटीचा आडोसा कमी होतो आणि होडीवाला इंजिनाचा जोर वाढवतो. बोटीचा वारा आणि समुद्राचा वारा दोन्ही एकदम पुढच्या कडेखाली शिरतात आणि हॅट पतंगासारखी वर उठते. तुमच्या बाबतीत ती मुळात डोक्यावर नव्हतीच, अंबाड्यावर होती. देवळाच्या कळसावर छत्री टेकवावी तशी. कपाळाला पट्टी लागलेली नाही, कानामागे आधार नाही, मग ती टिकणार कशाच्या जोरावर? दोष तुमचा नाही, आणि अंबाड्याचाही नाही. तो फक्त चुकीच्या जागी होता.

अंबाडा खाली घ्या. अगदी मानेच्या खळगीत, ब्लाउजच्या गळ्याच्या थोडा वर. मग हॅटची आतली पट्टी पुढे कपाळाला आणि मागे अंबाड्याच्या वर नीट टेकते. आणि आता हीच गाठ तुमची हॅट धरून ठेवणार आहे. शाळेच्या गणवेषाच्या चड्डीला घालतात ते काळं इलास्टिक घ्या, पाऊण सेंटीमीटर रुंदीचं. एका कानाच्या मागून, अंबाड्याच्या खालून, दुसऱ्या कानाच्या मागे माप घ्या आणि त्यातून दोन बोटं कमी करा. दोन्ही टोकं हॅटच्या आतल्या पट्टीला शिवा, कडेला नाही. कडेला शिवलं तर वाऱ्यात कड वाकते आणि टाके निघतात. हॅट घालताना आधी पुढून कपाळावर बसवायची, मग इलास्टिक मागे ओढून अंबाड्याखाली सोडायचं. काळ्या केसांत ते दिसतही नाही. केस पांढरे असतील तर पांढरं घ्या. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या बायका आपल्या छोट्या हॅटचं इलास्टिक असंच केसांच्या गाठीखालून नेत. हनुवटीखाली नाडी बांधण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं: गळ्याला काही काचत नाही, बोलताना जबडा अडत नाही, घामोळं येत नाही.

मी हे आमच्या घरी टेबलफॅनसमोर करून पाहिलं आहे. स्टुलावर बसले, फॅन हातभर अंतरावर ठेवला, एकवर लावला, मग दोनवर, मग तीनवर. नाडी नसलेली हॅट दोनवरच उठली. हनुवटीखाली नाडी बांधलेली हॅट डोक्यावरून सरकून पाठीवर गेली, गळ्याशी नाडी आवळली. अंबाड्याखाली इलास्टिक घातलेली हॅट तीनवर पुढची कड वर करून थरथरली, पण सुटली नाही. मग खाली वाकून पायातली चप्पल उचलली, मान दोन्हीकडे जोरात हलवली, तरी जागेवर. तुम्हीही घरी पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पोटातला गोळा तिथेच विरघळेल, कारण हॅट टिकते हे डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

त्यावर आणखी एक सावधगिरी हवी तर हॅटच्या मागच्या बाजूला आतून एक बारीक दोरी शिवा आणि तिचं दुसरं टोक छोट्या क्लिपने कुर्त्याच्या कॉलरला अडकवा. साडी असेल तर खांद्यावरच्या निऱ्यांच्या पिनेला. हॅट उडालीच तर पाठीवर लोंबकळेल, पाण्यात जाणार नाही. क्लिप ओढल्यावर सुटणारी असावी. तिथल्या कालव्यांच्या काठची झाडं पाण्यावर झुकलेली असतात, सुकाणूवरच्या माणसाच्या तोंडाशी फांद्या येतात, आणि आपल्या खारफुटीतल्या अरुंद फाट्यांतही तेच. फांदीत हॅट अडकली तर हॅट सुटून गेली पाहिजे, माणूस अडकून राहता कामा नये. नातवाच्या टोपीला तर गाठ नकोच. हनुवटीखाली वेल्क्रोचा पट्टा लावा, हिसका बसला की उघडतो तसा.

लाईफ जॅकेटचं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. बोटीत देतात त्या जॅकेटपैकी बऱ्याचशा जॅकेटांना मानेमागे जाड फोमची कॉलर असते. तुम्ही खाली बसलात, थोड्या मागे रेललात की ती कॉलर हॅटची मागची कड वर ढकलते आणि पुढची कड डोळ्यांवर येते. मग आपण हॅट मागे सारतो, ती पुन्हा पुढे येते, आणि शेवटी वैतागून काढून मांडीवर ठेवतो. बोटीत उडणाऱ्या निम्म्या हॅट अशा मांडीवरूनच जातात, असा माझा अनुभव आहे. म्हणून सगळीकडून सारखी कडक, गोल, रुंद कड बोटीत कामाची नाही. पुढे आणि बाजूंना रुंद, मागे मऊ किंवा आखूड, आणि मानेवर कापडाचा पडदा असलेली हॅट बघा. किंवा पूर्ण सुती, दुमडणारी. दुकानात हॅट पाहायला जाल तेव्हा गळ्यामागे एक जाड टॉवेल गुंडाळी करून घ्या आणि मग घालून बघा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

कड किती? पुढे आणि बाजूंना निदान साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तुमची चार बोटं. त्याहून कमी असेल तर नाकावर सावली पडते, गालांवर आणि कानांवर पडत नाही. त्याहून फार मोठी असेल तर वारा धरते. कडेची खालची बाजू गडद रंगाची घ्या, पाण्यावरून येणारी तिरीप त्याने कमी होते. वरचा रंग फिका असावा, डोकं कमी तापतं.

तुमची ती गवती हॅट बहुधा गवती नसावीच. गोव्यातल्या किनाऱ्यांवर आणि बाजारांत ‘पनामा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक हॅट कागदाच्या पिळाच्या असतात. खरी पनामा हॅट पनामात नव्हे तर इक्वेडोर देशात, तिथल्या एका ताडासारख्या झाडाच्या तंतूंपासून हाताने विणतात, आणि ती विणण्याची कला २०१२ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. तशी हॅट बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळायची नाही. ओळखायचं कसं? बोट ओलं करून कडेच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. कागद असेल तर मऊ पडतो, पीळ उलगडायला लागतो. आणि हॅट उजेडासमोर धरून आतून बघा. ठिपक्याठिपक्यांनी आभाळ दिसलं तर तितकंच ऊन तुमच्या भांगात उतरणार. घट्ट विणीचं सुती कापड, कॅनव्हास किंवा जीनचं कापड ऊन अडवतं, धुता येतं, पिशवीत कोंबलं तरी मोडत नाही. माझं मत विचाराल तर बोटीसाठी कापडीच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहा, नाहीतर तुमच्या फोंड्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्या. शिवून घेतली तर डोक्याचं माप अंबाडा खाली घालून, भुवयांच्या वर आणि कानांच्या वर एक बोट सोडून, टेप फिरवून द्या. टेप घट्ट ओढू नका.

आतून डोक्याच्या वर दोन बोटं पोकळी राहू दे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. इंग्रजांच्या काळातली सोला हॅट याच हिशेबाने करत. ती भेंडाची असे, त्याच भेंडाची, ज्याची आपण लग्नातली बाशिंगं करतो. हलकी, आणि डोकं व हॅट यांच्यामध्ये हवा खेळती.

ओढणीबद्दल घरची मंडळी म्हणतात त्यात चूक काही नाही. ओली करून पिळलेली सुती ओढणी डोक्यावरून मानेवर घेतली तर कुंभारजुव्यात एप्रिलच्या उन्हातही गारवा राहतो. मीठागरात आणि शेतात राबणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्याला कापडच बांधलं. पण ओढणी कपाळाच्या पुढे येत नाही. डोळ्यांवर, नाकावर, गालांच्या उंचवट्यावर सावली पाडायला कडच लागते. आपल्या वयाच्या बायकांच्या गालांवर वांग असतो, तो उन्हाने वाढतो. मोतीबिंदू वाढायलाही ऊन हे एक कारण आहे. म्हणून मी दोन्ही घ्या म्हणते: आत ओढणी, वर हॅट, आणि सगळ्याच्या मागे अंबाड्याखालचं इलास्टिक.

आणि हॅट सगळं करत नाही हेही सांगते. पाण्यावरून उलटून येणारं ऊन कडेच्या खालून तोंडावर येतं. साध्या पाण्यावरून अतिनील किरण दहा टक्क्यांहून कमी परततात, पण किनाऱ्यावरच्या फेसावरून पंचवीस टक्क्यांपर्यंत. कालव्यात फेस नसतो, तेवढं बरं. तरी हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळ क्रीम लावा, गॉगल घाला. तुमच्या बोटीला वरून ताडपत्रीचं छत असेल तर दुपारी हॅटची तितकी गरज नाही, पण सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ऊन आडवं येतं, छताच्या खालून. त्या वेळी कड लागते.

आता साहेबांचं. त्यांची क्रिकेटची टोपी मी काढून घ्यायला सांगणार नाही. तिची पुढची कडक चोच सुकाणू धरणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे. समोरचं आडवं ऊन अडतं आणि इंग्लंडच्या रिमझिम पावसात चष्म्यावर थेंब पडत नाहीत. ती बोट २१ मीटरपर्यंत लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद असते, चालवणारा अगदी मागे उभा असतो, त्याला पुढचं टोक सतत दिसलं पाहिजे. मऊ रुंद कड वाऱ्याने डोळ्यांवर पडली तर बोट काठाला घासते. पण टोपीत कान आणि मान उघडी राहतात, आणि टक्कल असलेल्या माणसाचे कान जेवढे भाजतात तेवढं दुसरं काही भाजत नाही. तेव्हा एक मोठा सुती रुमाल टोपीच्या आत मागून असा खोचा की तो कानांवरून मानेपर्यंत लोंबेल. शेतात टॉवेल घालतात तसाच. दोन टाके घालून बटणाने जोडलात तर काढून धुता येईल. आणि त्यांना रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे कातडी उन्हाला जास्त हळवी होते, हायड्रोक्लोरोथायझाइड हे त्यातलं एक नाव.

‘तिथे थंडी, तिथे कसलं ऊन’ असं कोणी म्हणेल. जुलैत तिथे उजेड रात्री नऊ वाजेपर्यंत असतो. अतिनील किरणांचा निर्देशांक तीन किंवा त्याहून जास्त झाला की डोकं झाका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बर्मिंगहॅमच्या बाजूला जुलैच्या स्वच्छ दुपारी तो सहाच्या घरात जातो. हवा गार असल्याने कळत नाही, एवढंच. दुपारी ऊन, तासाभराने पाऊस, रात्री पुन्हा गारठा. म्हणून हॅटबरोबर आपली कानटोपी घ्या, लाजू नका. सकाळी सहाला चहाचा कप घेऊन बोटीच्या मागच्या टोकावर बसाल तेव्हा तिचीच आठवण होईल.

पावसासाठी दुसरी मोठी हॅट नेऊ नका, बॅगेतली जागा जाते. रेनकोटचं टोप कापडी हॅटवरून ओढून घ्या. नुसतं टोप घेतलं तर मान वळवली की डोळ्यांसमोर कापड येतं आणि बाजूचं दिसत नाही. आत कड असली की टोप वर उचललेलं राहतं.

बोगदे आणि पूल हा वेगळा विषय. तिथले जुने पूल विटांचे, कमानीचे आणि ठेंगणे. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला वास्ट हिल्स नावाचा बोगदा जवळपास अडीच किलोमीटर लांब आहे. तुमची लेक त्या बाजूला नेणार असेल तर त्या बोटीच्या चालीने पार व्हायला अर्धा तास तरी लागेल. कालव्यांवर वेगाची मर्यादाच ताशी चार मैल. बोगद्यात काळोख, गारवा, आणि वरच्या विटांतून ठिबकणारं पाणी. तिथे हॅट उन्हासाठी नाही, थेंबांसाठी घालायची. उंच टोकाची हॅट मात्र तिथे नको, कमानीला लागते. पूल दिसला की हात वर करून हॅट धरायचाही प्रयत्न करू नका. हात आत, डोकं खाली.

लॉकवर हॅट फार जातात. लॉक म्हणजे काय, तर आपल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, मानशीचे दरवाजे आठवा. तिथे भरतीचं पाणी अडतं. लॉकमध्ये दोन्ही टोकांना दरवाजे असलेलं एक दगडी टाकं असतं, बोट आत घेऊन पाणी भरतात किंवा सोडतात आणि बोट वर चढते किंवा खाली उतरते. काठावर उभं राहून पाणी सोडायची किल्ली फिरवताना माणूस खाली वाकून बघतो आणि त्याच क्षणी हॅट टाक्यात पडते. म्हणून लॉकवर काम करताना हॅट बोटीत काढून ठेवा, नाहीतर ते इलास्टिक असू दे. टाक्यात पडलेली हॅट बोट बाहेर पडल्यावर लांब हूक असलेल्या काठीने काढतात. तोवर ‘पडलं ते पाण्याचं’.

राहिलं ‘शोभत नाही’. बाई, हे वाचून मला वाईट वाटलं. त्याच विलायती कालव्यांवर घोड्याने ओढायच्या बोटी होत्या, तेव्हा त्यांवर अख्खी कुटुंबं राहत. त्या बायका सुकाणू धरत, पोरं सांभाळत, आणि डोक्यावर सुती बॉनेट घालत. चुण्याचुण्यांची, पुढे कड, मागे मानेवर खांद्यापर्यंत पडणारा पडदा. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली तेव्हापासून त्यांच्यात काळ्या बॉनेटची चाल पडली. कामकरी बायकांनी स्वतः शिवलेली ती हॅटच होती, मी तुम्हाला शिवून घ्या म्हणते आहे तिचीच थोरली बहीण. आणि आपल्या गोव्यात पाण्यावर डोकं सजवणं काय नवं आहे? सांजांवला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, २४ जूनला, शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात तेव्हा आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर पानाफुलांचे कोपेल असतात. आमच्या कुंभारजुव्यात गणपतीच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो, दोन होड्या एकत्र बांधून त्यावर देवादिकांचे देखावे. लहानपणी मी काठावर आईचा हात धरून बघायचे, होडी हलायची, पण नटाचा मुकुट हलायचा नाही. मागे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, त्याची नाडी केसांच्या टोपाच्या गाठीखालून आवळलेली होती. तुम्हाला वर जी युक्ती सांगितली ती मी तिथे शिकले.

तेव्हा शोभण्याचा निर्णय आरशासमोर घ्यायचा नाही. अंबाडा खाली, इलास्टिक मागे, आणि एक तास घरातून पाणी भरा, निवडटिपण करा, फोनवर बोला. हॅट डोक्यावर आहे हे तुम्ही विसरलात की ती शोभायला लागते. सुनेला दाखवायचीच असेल तर त्यानंतर दाखवा.

हॅट जपायचं थोडक्यात. कुंभारजुव्याचं पाणी मचूळ, खारट. बोटीतून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर पट्टी कपाळाला टोचते. निघायच्या आधीचा जून इथे पावसाचा, कपाटात ठेवलेल्या हॅटला आठवड्यात बुरशी धरते. आत वर्तमानपत्राचा बोळा घालून, कपाटाबाहेर, पंख्याखालच्या खुंटीला टांगा. आणि एक परीक्षा बादलीत घ्या: हॅट पाण्यात टाकून दोन मिनिटं थांबा. जाड कापडी हॅट भिजली की खाली जाते. गेली तर हॅटच्या टोकाशी आतून पातळ फोमचा किंवा बुचाचा एक तुकडा शिवा म्हणजे ती तरंगेल. वर एक भडक लाल फीत लावली तर पाण्यात लांबूनही दिसेल.

निघायच्या आधी आणखी एकदा कुंभारजुव्यात जा, पावसाच्या आत, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी सातला मिळाली बोट तर उत्तमच, वारा पडलेला असतो. नातवाला न्या. त्याला मधल्या फळीवर, दोघांच्या मध्ये बसवा आणि खंड्या किती दिसले ते मोजायला सांगा. त्याची टोपी त्याला स्वतःला निवडू द्या, फक्त मागे पडदा आणि वेल्क्रोचा पट्टा हवा. लाल फीत त्याच्याच हाताने तुमच्या हॅटला लावून घ्या.